कीलेस एन्ट्री आणि रिमोट चावीच्या तक्रारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुश बटण स्टार्टच्या गाड्या आता लहान शहरांतही सर्रास दिसतात आणि त्यांच्याबरोबर एक तक्रारही घरोघरी पोहोचली आहे: चावी कधी चालते, कधी चालत नाही. अशा वेळी गाडीमालकाला बहुतेक ठिकाणी थेट नवी चावी घेण्याचा सल्ला मिळतो, आणि काही हजार रुपये खर्चूनही दोष जागच्या जागी राहतो, कारण तो चावीत नसतोच. खालील प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. उत्तरे भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मॉडेलनुसार तपशील बदलतात, म्हणून गाडीची माहितीपुस्तिका सोबत उघडून ठेवावी.

१. रिमोटचे बटण दाबले की दार उघडते, पण चावी खिशात ठेवून हँडलवरचे बटण दाबले तर उघडत नाही. चावी एकच असताना असे कसे होते?

चावीचे कवच एक असले तरी तिच्यात तीन वेगवेगळी कामे चालतात आणि प्रत्येकाचा मार्ग निराळा असतो. पहिले काम रिमोटचे. आपण बटण दाबतो तेव्हा चावी ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास एक रेडिओ संदेश पाठवते आणि गाडी तो ऐकते. दुसरे काम कीलेस एन्ट्रीचे. हँडलवरचे बटण दाबले की बोलण्याची सुरुवात गाडी करते: दारातील अँटेना सुमारे १२५ किलोहर्ट्झचे (काही गाड्यांत १३४ किलोहर्ट्झचे) चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, त्यामुळे झोपलेली चावी जागी होते आणि मग रेडिओवरून उत्तर देते. तिसरे काम इमोबिलायझरचे, म्हणजे योग्य चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे. चावीतील एक चिप स्टार्ट बटणाजवळच्या कॉइलकडूनच (तारेच्या वेटोळ्याकडूनच) ऊर्जा घेते आणि आपली ओळख सांगते. तिला सेलची गरज नसते.

म्हणून रिमोट चालतो आणि कीलेस चालत नाही, याचा अर्थ सेल आणि रेडिओ बहुधा ठीक आहेत. शोध हँडलवरचे बटण, दारातील अँटेना किंवा चावीतील संदेश ऐकणारी कॉइल यांत घ्यावा. दोन्ही चालत नाहीत, पण चावी स्टार्ट बटणाला टेकवून गाडी सुरू होते, तर पहिला संशय सेलवर घ्यावा. पुढची बहुतेक उत्तरे याच विभागणीवर उभी आहेत.

२. दोष चावीत आहे की गाडीत, हे मेकॅनिककडे न जाता कसे ओळखावे?

दुसरी चावी वापरून पाहावी. पहिली चावी मात्र घरातच ठेवावी. दोन्ही चाव्या एकाच खिशात असतील तर गाडी कोणत्या चावीला उत्तर देत आहे हे कळणार नाही. दुसरी चावी व्यवस्थित चालली तर दोष पहिल्या चावीत आहे. दोन्ही चाव्या सारख्याच अडत असतील तर चावी सोडून गाडीकडे, किंवा गाडी उभी असलेल्या जागेकडे पाहावे (जागेसाठी प्रश्न ६ पाहा). दोन्ही चाव्यांचे सेल एकाच वयाचे असतील तर आधी दोन्हींत नवे सेल घालून मगच हा निष्कर्ष काढावा.

त्यानंतर तीन गोष्टींची नोंद ठेवावी: कोणते दार, कोणती जागा आणि तीन कामांपैकी नेमके कोणते अडले. "कधी कधी चालत नाही" एवढ्या माहितीवर कोणताही कारागीर अंदाजच करू शकतो, पण "डाव्या दाराचे बटण चालते, ड्रायव्हरच्या दाराचे सकाळी चालत नाही" असे सांगितले तर अर्धे निदान तिथेच होते. स्कॅनर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे यंत्र) लावून घेण्याआधी ही नोंद करावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

३. चावीत कोणता सेल घालायचा आणि तो कधी बदलायचा?

बहुतेक चाव्यांत ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो. काही पातळ चाव्यांत सीआर २०२५, सीआर २०१६ किंवा सीआर १६२० असतो. पहिले दोन आकडे व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात आणि शेवटचे दोन जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागात, म्हणजे २०३२ हा २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा सेल. २०३२ च्या जागी २०२५ बसलेला दिसतो, परंतु तो ०.७ मिलिमीटरने पातळ असल्यामुळे पट्ट्यांशी त्याचा स्पर्श सैल राहतो. अशी चावी टेबलावर चालते आणि खिशात हलली की अडते.

सामान्य वापरात सेल दोन-तीन वर्षे टिकतो. रिमोटचे अंतर हळूहळू कमी होणे हे पहिले लक्षण आहे. पूर्वी गॅलरीतून लॉक होणारी गाडी आता जिना उतरल्याशिवाय प्रतिसाद देत नसेल तर सेल बदलावा. डॅशबोर्डवर सूचना येण्याची वाट पाहू नये, कारण सगळ्या गाड्या ती देत नाहीत.

बदललेला जुना सेल घरात उघड्यावर ठेवू नये. लहान मुलाने असा सेल गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. अशा वेळी उलटी काढण्याचा प्रयत्न न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

४. नवा सेल घातला, मल्टिमीटर ३ व्होल्ट दाखवतो, तरीही चावी चालत नाही. आता काय?

मल्टिमीटर सेलकडून जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह घेत नाही, म्हणून तो दाखवतो तो आकडा आरामातील सेलचा असतो. संदेश पाठवताना चावी क्षणभर बराच जास्त प्रवाह खेचते आणि जुना किंवा हलक्या प्रतीचा सेल त्याच क्षणी कोसळतो. आकडा २.८ व्होल्टच्या खाली असेल तर सेल नक्की बदलावा. परंतु ३ व्होल्ट दिसणे ही सेल चांगला असल्याची हमी नव्हे. बटण दाबल्यावर चावीवरचा छोटा लाल दिवा लागणे हीदेखील संदेश बाहेर पडल्याची खूण नव्हे.

सेल खरोखर चांगला असेल तर कवच उघडून पाहावे. सेल उलटा बसला आहे का? त्यावरचा पारदर्शक कागद काढला आहे का? काही कंपन्या मुलांनी सेल तोंडात घालू नये म्हणून त्यावर कडू लेप देतात आणि तो लेप पट्टीच्या स्पर्शाच्या जागी आला तर वीज नीट वाहत नाही. अशा वेळी सेल कापडाने पुसून किंवा दुसरा आणून पाहावा. पट्ट्या दबलेल्या असतील तर त्या प्लॅस्टिकच्या काडीने किंचित वर उचलाव्यात. कोकणपट्टीत आणि मुंबईत खाऱ्या, दमट हवेमुळे पट्ट्यांवर हिरवट थर चढतो; तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने निघतो.

सेल धरणाऱ्या पट्टीचा सोल्डर तडकणे हा चावी वारंवार पडल्यानंतर दिसणारा दोष आहे. रिमोटचे एकच बटण जोर लावल्याशिवाय चालत नसेल तर त्याखालचा मायक्रोस्विच झिजलेला असतो. ही दोन्ही कामे मोबाइल दुरुस्त करणारा चांगला कारागीर थोडक्या खर्चात करून देतो. या दोषांसाठी नवी चावी घेण्याचे काहीही कारण नाही.

५. सेल पूर्ण संपला आहे आणि गाडी बंद आहे. आत शिरायचे आणि गाडी सुरू करायची कशी?

चावीच्या कवचावर एक छोटा खटका असतो. तो सरकवला की आतली धातूची चावी बाहेर येते. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर कुलपाचे भोक दिसत नसेल तर ते एका प्लॅस्टिकच्या टोपणाखाली झाकलेले असते. अशा रीतीने दार उघडल्यावर काही गाड्यांचा अलार्म वाजतो. घाबरू नये, गाडी चावी ओळखताच तो थांबतो. मग ब्रेक (मॅन्युअल गाडीत क्लच) दाबून चावीच स्टार्ट बटणाला टेकवावी आणि बटण दाबावे. काही मॉडेलमध्ये चावी ठेवण्याची ठरावीक जागा वेगळी असते, उदाहरणार्थ स्टिअरिंग कॉलमवरील खूण किंवा मधल्या कप्प्यातील खाच. ती माहितीपुस्तिकेत पाहून ठेवावी. ही जागा कुटुंबातील गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आधीच दाखवून ठेवावी. रात्री घाटात ती शोधत बसणे फार अवघड जाते.

६. चावी घरी उत्तम चालते, पण एका विशिष्ट ठिकाणी उभी केली की गाडी उघडतच नाही. हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि ही तक्रार करणाऱ्यांवर विनाकारण अविश्वास दाखवला जातो. ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास वायरलेस दारघंट्या, सोसायटीच्या गेटचे रिमोट आणि इतर गाड्यांच्या चाव्या अशी कितीतरी उपकरणे बोलत असतात. त्यांपैकी एखादे बिघडून अखंड संदेश सोडू लागले तर आसपासच्या चाव्यांचा आवाज गाडीला ऐकू येत नाही. शक्तिशाली प्रक्षेपण मनोऱ्याजवळही असे घडते. त्याच जागी शेजारच्या गाड्यांनाही त्रास होतो का, हे विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर आपली चावी निर्दोष आहे.

तात्पुरता उपाय म्हणजे चावी गाडीच्या काचेजवळ नेऊन बटण दाबणे, आणि तेही जमले नाही तर प्रश्न ५ मधील पद्धत वापरणे.

७. गाडीत बसल्यावर "चावी सापडत नाही" असा संदेश येतो, पण चावी तर माझ्याजवळच असते.

प्रथम चावी मोबाइलपासून दूर करावी. मोबाइल ठेवून चार्ज करण्याचे वायरलेस पॅड साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते, आणि गाडी चावीला हाक मारते ती १२५ किलोहर्ट्झची. म्हणजे दोघांचे बोलणे एकाच पट्ट्यात पडते. हलक्या प्रतीचे यूएसबी चार्जर, डॅशकॅमचे अडॅप्टर आणि नंतर बसवलेले एलईडी दिवेही असाच गोंगाट करतात. ते सगळे सॉकेटमधून काढून दोन-तीन दिवस गाडी वापरून पाहावी.

ही हाक चुंबकीय असल्यामुळे अंतर वाढले की तिची ताकद झपाट्याने ओसरते, आणि म्हणून कीलेसची मर्यादा साधारण एक ते दीड मीटरच असते. नाण्यांची पिशवी, लॅपटॉपची धातूची पाठ किंवा दुसरी चावी चिकटून असेल तर ती आणखी घटते. डॅशबोर्डवर, दाराच्या कप्प्यात, ग्लव्हबॉक्समध्ये आणि पायाखालच्या मॅटवर काही गाड्यांत चावी ओळखली जात नाही. हा त्या गाडीचा दोष मानू नये.

एक बारकावा येथे सांगण्यासारखा आहे. कोणत्याही दिशेने ठेवली तरी हाक ऐकू यावी, म्हणून चावीत तीन दिशांना तीन कॉइल असतात. चावी आडवी धरली की ओळखली जाते आणि उभी धरली की नाही, असे सातत्याने होत असेल तर पडल्यामुळे त्यांतील एक कॉइल तुटलेली असण्याची दाट शक्यता आहे. सेल बदलून हा दोष जाणार नाही.

८. पावसात किंवा गाडी धुताना दारे आपोआप लॉक-अनलॉक होतात. वायरिंग खराब झाली आहे का?

बहुधा नाही. ज्या गाड्यांच्या हँडलला बटणाऐवजी स्पर्श ओळखणारा सेन्सर असतो, त्यांना पाण्याची धार हातासारखी भासते; चावी जवळपास असेल तर गाडी प्रत्येक धारेला मालकाचा हात समजते. धुताना चावी घरात किंवा किमान काही मीटर दूर ठेवावी. पाऊस थांबून हँडल पूर्ण कोरडे झाल्यावरही हे चालूच राहिले तर मात्र हँडलच्या आत पाणी शिरले आहे, आणि ते ऑटो इलेक्ट्रिशियनकडून उघडून पाहावे लागेल.

९. फक्त ड्रायव्हरच्या दारावरचे बटण चालत नाही. दुसऱ्या बाजूचे चालते.

चावी, सेल आणि गाडीचा मुख्य संगणक निर्दोष आहेत, हे दुसऱ्या बाजूच्या बटणाने सिद्धच केले आहे. दोष त्या एका हँडलमध्ये किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या वायरमध्ये आहे. ड्रायव्हरचे बटण सर्वांत जास्त दाबले जाते, त्यावरचे रबर आधी फाटते आणि धूळ-पाणी आत जाते. दार आणि खांब यांच्यामधील रबरी नळीतील वायर दार उघडझाप होऊन तुटणे हे दुसरे नेहमीचे कारण आहे. त्याच दाराची काच किंवा स्पीकरही अधूनमधून बंद पडत असेल तर आधी ती नळी तपासायला सांगावी.

१०. लॉकचे बटण दाबले की बीप वाजतात आणि गाडी लॉक होत नाही, किंवा अनलॉक केलेली गाडी थोड्या वेळाने आपोआप लॉक होते.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीप वाजवून लॉक नाकारणे म्हणजे गाडीच्या मते काहीतरी राहिले आहे: एखादे दार किंवा डिकी नीट लागलेली नाही, इग्निशन बंद झालेले नाही, किंवा दुसरी चावी आतच आहे. दारे नीट लागलेली असूनही डॅशबोर्डवर उघड्या दाराचे चिन्ह दिसत असेल तर दाराच्या लॉकमधील स्विच बिघडलेला आहे.

अनलॉक करून कोणतेही दार न उघडल्यास साधारण अर्ध्या मिनिटाने पुन्हा लॉक होणे ही अनेक गाड्यांतील मुद्दाम ठेवलेली सोय आहे. तीत दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

११. गावाहून तीन आठवड्यांनी परत आलो तर कीलेस बंद होते. सेल तर नवाच आहे.

गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तपासावी. काही तास उभ्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात; १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. बॅटरी उतरली की दारातील अँटेनांची हाक क्षीण होते, लॉकच्या मोटरी संथ फिरतात आणि दोष चावीचा वाटतो.

बॅटरी चांगली असली तरी काही कंपन्यांच्या गाड्या बरेच दिवस उभ्या राहिल्यावर वीज वाचवण्यासाठी कीलेस यंत्रणा स्वतःहून बंद करतात किंवा केवळ ड्रायव्हरच्या दारापुरती चालू ठेवतात. अशा वेळी रिमोटच्या बटणाने एकदा गाडी उघडून चालू केली की सारे पूर्ववत होते.

१२. चावी वॉशिंग मशीनमधून निघाली. ती वाचू शकते का?

बरेचदा वाचते, मात्र बटणे दाबून पाहण्याचा मोह आवरावा. लगेच कवच उघडून सेल काढावा, कारण पाण्यापेक्षा ओल्या सर्किटमधून वाहणारी वीज अधिक नुकसान करते. साबणाचे किंवा समुद्राचे पाणी असेल तर सर्किट आधी स्वच्छ पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावे व सावलीत दोन-तीन दिवस सुकू द्यावे. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने पीठ आणि धूळच आत जाते. हेअर ड्रायरची गरम हवा सोल्डर आणि प्लॅस्टिकला सोसत नाही. शेवटी जुना सेल परत न घालता नवा घालावा.

१३. चावी गाडीतच किंवा गाडीजवळच्या भिंतीवर टांगून ठेवतो. त्याने काही बिघडते का?

बिघडते. विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड सहज ६० अंशांच्या वर जातो आणि साध्या लिथियम सेलची मर्यादा साधारण तेवढीच असते. गाडीपासून दोन-तीन मीटरच्या आत चावी टांगली तर काही मॉडेलमध्ये गाडी आणि चावी रात्रभर एकमेकींशी बोलत राहतात. दर सहा महिन्यांनी सेल संपतो अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी ही खुंटी बदलावी.

चोरीचाही धोका आहे. एक चोर गाडीजवळ आणि दुसरा घराच्या दाराजवळ उपकरण घेऊन उभा राहिला तर गाडीची हाक आणि चावीचे उत्तर लांबवर पोहोचवता येतात आणि गाडी फसते. सिग्नल अडवणारी पिशवी घेतली असेल तर चावी तीत बंद करून गाडीशेजारी उभे राहावे आणि हँडलचे बटण दाबावे. गाडी उघडली तर पिशवी निरुपयोगी आहे.

१४. सेल बदलताना चावीचे प्रोग्रॅमिंग पुसले जाते का?

सामान्यतः नाही, ओळख अशा स्मृतीत असते जिला सेल लागत नाही. चावी दर वेळी नवा सांकेतिक क्रमांक पाठवते आणि गाडी पुढचे ठरावीक क्रमांकच मान्य करते. गाडीपासून दूर मुलांनी खेळताना शेकडो वेळा बटण दाबले तर चावी या मर्यादेच्या पुढे निघून जाते. बहुतेक गाड्यांत जवळ जाऊन बटण लागोपाठ दोनदा दाबल्याने किंवा त्या चावीने गाडी सुरू केल्याने दोघांचा मेळ पुन्हा जुळतो. सेल बदलल्यावर "प्रोग्रॅमिंग करावे लागेल" असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर आधी हे करून पाहावे.

१५. ऑनलाइन स्वस्त चावी मिळते. अमेरिकेतील नातेवाईकही तीच चावी पाठवायला तयार आहेत. घ्यावी का?

अमेरिकेतून मागवू नये. तिकडे आणि जपानमध्ये पुष्कळ चाव्या ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, भारतीय गाडी ४३३ वर ऐकते, आणि बाहेरून दोन्ही चाव्या हुबेहूब दिसतात. ऑनलाइन मिळणाऱ्या वस्तूंत नुसते कवच आणि सर्किटसह चावी यांत फरक करावा: कवच तुटले असेल तर नवे कवच घेऊन जुने सर्किट आणि, वेगळी असल्यास, इमोबिलायझरची बारीक चिप त्यात हलवणे हा उत्तम आणि स्वस्त मार्ग आहे. ती चिप जुन्या कवचात राहून कचऱ्यात गेली तर दार उघडेल पण गाडी सुरू होणार नाही. दुसऱ्या गाडीची वापरलेली चावी मात्र टाळावी, कारण अनेक कंपन्यांच्या चाव्या एकदा एका गाडीला जोडल्या की दुसरीला जोडता येत नाहीत.

१६. एक चावी हरवली. दुसरी चालते आहे, तर घाई करावी का?

करावी. प्रथम हरवल्याची नोंद करावी. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन करता येते. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या दाव्याबरोबर साधारणपणे दोन्ही मूळ चाव्या मागतात, आणि एक का नाही याचा कागदोपत्री खुलासा त्या वेळी तयार करता येत नाही. पॉलिसीत चावी बदलून देण्याचे जोडकलम आहे का, हेही नवी चावी मागवण्यापूर्वी पाहावे. सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी, ओळखपत्र आणि गाडीबरोबर मिळालेला चावीच्या क्रमांकाचा छोटा बिल्ला न्यावा.

नवी चावी जोडताना हरवलेली चावी गाडीच्या स्मृतीतून काढून टाकायला स्पष्ट शब्दांत सांगावे आणि नोंदलेल्या चाव्यांची संख्या स्कॅनरवर पाहून घ्यावी. जुनी गाडी विकत घेतानाही हीच संख्या पाहावी. हातात दोन चाव्या आणि नोंद तीनची असेल तर तिसरी कोणाकडे तरी आहे. स्मृतीतून काढलेल्या चावीने गाडी सुरू होत नाही आणि रिमोटही चालत नाही, परंतु तिच्यातील धातूच्या चावीने ड्रायव्हरचे दार पूर्वीसारखेच उघडते. चावी गाडीच्या क्रमांकासह किंवा घराच्या पत्त्यासह हरवली असेल तर दाराचे कुलूपही बदलून घ्यावे.